देवगाव शून्य

बानाबाईनं उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. तिच्या वयाच्या कुठल्याच बाईनं घेतलं नाही म्हणा, पण तिची पंचाईत इतरांपेक्षा मोठी होती. बाकीच्या बाया "आमचे कारभारी" म्हणून वेळ निभावून न्यायच्या. हिच्या नवऱ्याचं पाळण्यातलं नावच कारभारी, म्हणजे तोही शब्द गेला. मग लग्नानंतर काही वर्षांनी तिनं आपल्यापुरता एक शब्द काढला. ती त्यांना "लिहिणारे" म्हणू लागली. सुरुवातीला त्यात टोमणा होता. "लिहिणाऱ्यांना सांगा, मेंढरं परक्याच्या रानात शिरलीत." पुढं टोमणा झिजला आणि नुसता शब्द उरला.

आता लिहिणाऱ्यांचा उजवा हात मांडीवर पडून असायचा. दसऱ्याच्या सुमारास अर्धांगाचा झटका आला होता. महिन्याभरात जीभ बरीचशी परत आली, थोडी जड. हात आला नाही. शहरात, हडको वसाहतीतल्या दोन खोल्यांच्या घरात मुलगा रामेश्वर आणि नात प्रांजली त्यांचं सगळं करायचे. रामेश्वर वाळूजच्या कंपनीत, तो सकाळी सातला बाहेर पडायचा. प्रांजलीची एम.ए.ची परीक्षा जवळ आलेली, तरी ती रोज दोन तास आबांसमोर लॅपटॉप घेऊन बसायची. ते सांगायचे, ती उतरवून घ्यायची. त्यांची आठवी कादंबरी अशी अर्धी हातानं, अर्धी तोंडानं लिहून झाली. राहिलं होतं ते फक्त शेवटचं प्रकरण.

कारभारींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. देवगाव रंगारीच्या मेंढपाळाच्या घरातला जन्म, सहाव्या वर्षापासून मेंढरांच्या मागं. अक्षरं ते शिकले रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांकडून. पुढं कुठलं गाव लागणार हे मेंढपाळाच्या पोराच्या पायांनाच ठाऊक असतं. पुढं शिऊर आहे आणि दगडावर तीन खुणा आहेत, म्हणजे पहिली शि, दुसरी ऊ, तिसरी र. ज्या दिवशी देवगावच्या दगडावर दुसरं आणि चौथं अक्षर सारखंच दिसलं, आणि बोलतानाही व दोनदा येतो हे ध्यानात आलं, त्या दिवशी हे पोरगं मेंढरं सोडून दगडाभोवती नाचलं होतं. मेंढरं तोवर कुणाच्या तरी हरभऱ्यात. बापानं काठीनं झोडपलं. काही जुने दगड निजामाच्या काळातले, उर्दूतले. ते मात्र त्याला शेवटपर्यंत मुके राहिले.

दगडांनी अक्षरं दिली तशी खोडही लावली. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर कारभारी एका गावाचं नाव आणि खाली एक आकडा लिहायचे. लिहिलेलं म्हणून त्यांनी जे पहिल्यांदा वाचलं, ते तसंच होतं. त्यांना वाटायचं, लिहिण्याची रीतच ती. पुढं एका प्राध्यापकांनी भर सभेत त्या मथळ्यांवर पाऊण तास भाषण केलं, फार खोल अर्थ काढला. कारभारी उठून म्हणाले, "साहेब, मला दुसरं येतच नव्हतं." सभा हसली, आणि प्राध्यापकांनी त्याचाही अर्थ काढला.

दगडाच्या पुढचं गाव बघायची त्यांना हौस फार. बायको, मेंढरं, म्हातारी आई मागं टाकून ते निघून जायचे. कधी तंबूतल्या सिनेमाबरोबर गावोगाव पोस्टरं चिकटवत, कधी ट्रकवर क्लीनर म्हणून थेट मध्यप्रदेशापर्यंत, कधी विहिरीला सुरुंग लावणाऱ्या टोळीत. गुजरातेत एकदा तहान लागली म्हणून एका शेडमध्ये पाणी मागायला शिरले, तर ती निघाली दारूची भट्टी, आणि नेमकी तेव्हाच धाड पडली. फौजदारानं दरडावून विचारलं, "इथला कारभारी कोण?" यांनी इमानदारीनं हात वर केला. अकरा दिवस कोठडीत होते. परत आले ते गुजराती अक्षरं शिकून. हा किस्सा ते जन्मभर सांगत आले, आणि लोक जन्मभर पोट धरून हसत आले. बानाबाई हसायची नाही. त्या अकरा दिवसांत ती कुठं होती, हे त्या किश्शात नव्हतं.

शेवटी औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत अप्पारावांच्या छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे धुवायला लागले आणि तिथंच स्थिरावले. पहिली कादंबरी अप्पारावांनीच छापली. आता अप्पाराव नाहीत, खिळे नाहीत. त्यांचा मुलगा इंद्रजीत त्याच गल्लीत संगणकावर पुस्तकं जुळवतो.

माघातल्या एका रविवारी इंद्रजीत घरी आला. कारभारी गॅलरीत उन्हाला बसले होते, बानाबाई शेजारी लसूण सोलत होती.

"काका, सगळं जुळवून झालंय बघा. शेवटचं प्रकरण तेवढं द्या."

"ते नाय," कारभारी म्हणाले.

"नाही म्हणजे? अजून सांगायचंय?"

"मथळा छाप. देवगाव, खाली शून्य. बाकी पान कोरं."

इंद्रजीत हसला. मग थट्टा नाही हे त्याच्या लक्षात आलं. "काका, सतरापासून एकपर्यंत वाचकाला पायी आणलंत तुम्ही. ती बाई कुठं पोचली हे नको का कळायला? शिव्या देतील मला."

"मला दे म्हणावं."

"तुम्हाला कोण देतंय! तुम्ही थोर. छापणारा चोर." तो बानाबाईकडं वळला. "काकू, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

बानाबाईनं मान वर केली नाही. "ते कवा माझं ऐकत्यात," ती म्हणाली. पण तिच्या बोटांतली पाकळी तशीच राहिली होती. देवगाव म्हणताच तिला कळलं होतं. ते तिचं ऐकत नव्हते, असं नव्हतंच. एकदा ऐकलं होतं, आणि बावन्न वर्षं ऐकत आले होते.

जाताना इंद्रजीत जिन्यात प्रांजलीशी हलक्या आवाजात बोलला. डॉक्टर काय म्हणाले ते त्यानं विचारलं असावं. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, आणि तो आला तर जीभही जाईल, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं इतकंच.

बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं शिऊरच्या बाजूला नेली होती. बानाबाई तेव्हा विशीतली. लिहिणारे तंबूच्या सिनेमाबरोबर गेलेले. तळावर म्हातारी सासू भागूबाई, चार-दोन भाऊबंद आणि अडीच वर्षांची पोर. पोरीला ताप चढला. एसटी दिवसातून एकदा, ती निघून गेलेली. बानाबाईनं पोर घोंगडीत गुंडाळली आणि देवगावच्या दवाखान्याचा रस्ता धरला. दुपार कलताना ती दवाखान्यात पोचली आणि पोर तिथं गेली, असं सगळ्यांना माहीत होतं. कारभारी आले बावीस दिवसांनी, केसांना तेल लावून, काखेत पोस्टरांची गुंडाळी. "रत्ना कुठंय?" म्हणाले.

त्याआधीच्या वर्षी त्यांनी बानाबाईच्या भावाचं मोडलेलं लग्न वहीत उतरवून शिऊरच्या बाजारात चारचौघांना वाचून दाखवलं होतं. लोकांनी टाळ्या दिल्या. भाऊ दोन वर्षं बहिणीच्या दारात आला नाही. माणसाचं कागदावर गेलं की ते त्याचं राहत नाही, हे बानाबाईला त्या दिवशी कळलं होतं. म्हणून तेल लावलेल्या त्या माणसाला तिनं हाताला धरून खंडोबाच्या देवळात नेलं आणि भंडारा उचलायला लावला. "हिचं नाव, हिचं मरण, कागदावर येणार नाय. एवढी तरी माझी राहू द्या."

हातात हळदीचा भंडारा घेऊन बोललेला शब्द त्यांच्यात कुणी मोडत नाही. फार तर, ज्यानं उचलायला लावला त्यानंच तो खाली ठेवून घ्यायचा. कारभारींनी उचलला. बानाबाईनं त्यांच्या तळहातावरची ती चिमूट पोरीच्या कुंचीच्या टोकाला बांधली. कुंची अजून तिच्या पेटीत होती.

पुढं सात कादंबऱ्या झाल्या. त्यांत भागूबाई आली, बाप आला, अप्पाराव आले, अंगणातली शेळीसुद्धा आली. पोर आली नाही.

कोरं तर कोरं, असं बानाबाईनं स्वतःला सांगितलं. शब्द पाळला माणसानं. पण दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना. तिसऱ्या दिवशी दुपारी कारभारी झोपले होते. ती प्रांजलीजवळ जाऊन बसली.

"काय लिवलंय त्यात? वाचून दाखव मला."

"आजी! तू कधीच ऐकत नाहीस. आबांना कायम चिडवतेस, माझ्याच घरचं मला कशाला वाचून दाखवता म्हणून."

"आज ऐकते. वाच."

प्रांजलीनं वाचायला घेतलं. देवगाव १७. एक तरणी बाई मेंढरांच्या तळावरून निघते. तिच्या घोंगडीत आजारी कोकरू आहे. देवगाव १५, तिथं खचलेला पूल. देवगाव १२, जोडचिंचा, आणि सावलीला बसलेला एक आंधळा माणूस, जो पायांच्या आवाजावरून म्हणतो, बाई, वजन घेऊन चाललीस. बानाबाई पुढं सरकली. माणूस नव्हता. पण पूल होता, चिंचा होत्या, दहाच्या पुढची मुरमाची चढणही होती. जी वाट तिनं कुणाला सांगितली नव्हती ती वाट पोरगी घडाघडा वाचत होती.

"आणि आजी, ती प्रत्येक दगड वाचते. आकडा कमी होत जातो ना, तसा तिला धीर येतो. फार सुंदर लिहिलंय आबांनी."

"तिला वाचता येतं?"

"हो मग. नाहीतर आकडे कसे कळतील?"

बानाबाई म्हणाली, "तुझ्या बापाच्या आधी मला एक लेक व्हती, ठाऊक हाय तुला?"

प्रांजलीनं लॅपटॉपवरून हात काढला. "बाबा एकदा म्हणाले होते. लहानपणीच गेली. नाव काय होतं गं?"

"बापानं सांगितलं नाय?"

"त्यांना माहीत नाही म्हणाले."

रामेश्वरचं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, रेशन कार्डावर होतं, कंपनीच्या बिल्ल्यावर होतं. प्रांजलीचं तर कुठं कुठं होतं, देव जाणे. त्या पोरीचं एका चिटोऱ्यावरही नव्हतं. तेव्हा कुठला फोटो आणि कुठली नोंद! तिला ओळखणारी माणसं एकेक करून गेली होती. उरले दोघं. एकानं हळद हातात घेऊन तोंड शिवलं होतं आणि दुसरीला लिहिता येत नव्हतं. आपल्या माघारी पोर कोकरू होऊन राहणार, हे बानाबाईच्या मनात आलं आणि तिला बसवेना. ती उठली, घरभर फिरली, उगीच भांडी लावली. पण आपली तेवढी एकच वस्तू, तीही आता लोकांच्या हातात द्यायची? शिऊरच्या बाजारातल्या टाळ्या तिला अजून ऐकू येत होत्या.

चारच्या सुमारास कारभारी जागे झाले. ती चहा घेऊन गेली. त्यांना डाव्या हातानं बशी धरायची सवय होत होती, तरी थोडा सांडायचाच.

"ती वाट कुनी सांगितली तुमाला?" तिनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तीन डाव चाललो. तू सांगत नव्हतीस. मंग रस्त्याला इचारलं."

"कवा?"

"कवाबी. तुला ट्रकवर चाललो म्हणून सांगायचो तवा."

बानाबाईला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला माहीत नसलेली एवढीच एक गोष्ट निघावी, आणि ती ही निघावी. तिनं बशीतून सांडलेला चहा पदरानं टिपला. मग मात्र तिचा पारा चढला.

"रस्त्यानं खोटं सांगितलं तुमाला. मला कुठं वाचता येतं? मला ते समदे दगड सारखेच. पांढरे. एक गेला की दुसरा. मी काय आकडे बघत चालले? मी तिच्या उसाशाकडं कान लावून चालले."

"व्हय. चुकलं."

"आन् कोकरासाठी कुनी सतरा किलोमीटर चालतं व्हय? धनगराची बाई? कोकरू वाटंत मेलं तर मेलं. लिवणारे म्हणवता आन् एवढं कळंना तुमाला?"

दारात प्रांजली उभी होती. कारभारींच्या वाकड्या झालेल्या ओठांवर हसू आलं, आणि ते तिथंच थांबलं. "कळतं की," ते म्हणाले. "म्हणून तर पान कोरं ठेवलं. कोकरू पोचवता येईना मला."

"मंग लिवा तिला."

"भंडारा उचललाय."

बानाबाई आतल्या खोलीत गेली. पेटीचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात एक जुनी कुंची होती, रंग उडालेली, कडेची नक्षी उसवलेली. टोकाची गाठ इतकी बसलेली की तिला नखांनी सुटेना. दातांनी सोडवली. आत चिमूटभर काळपट पूड होती. पिवळेपणा सुरकुत्यांत थोडासा उरला होता, तेवढाच. ती तिनं त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवली. प्रांजलीनं खुर्ची देव्हाऱ्याजवळ सरकवली.

"ठेवा खाली," बानाबाई म्हणाली. "मी सोडलं."

त्यांनी मूठ मिटून घेतली. "बाना, एकडाव कागदावर गेली की…"

"ठाऊक हाय. माझी राहनार नाय. ठेवा."

त्यांनी खंडोबाच्या टाकापुढं हात पालथा केला.

प्रांजली लॅपटॉप आणायला निघाली, तशी कारभारींनी मान हलवली. "वही आन." ती वही आणि पेन घेऊन खाली बसली. आता सांगणार होती बानाबाई. इतकी वर्षं बंद ठेवलेलं कुठून उघडावं हे तिला उमजेना. तिनं कुंची मांडीवर सरळ केली, आणि मग एकदम मधूनच सुरुवात केली.

"ती दवाखान्यात गेली नाय."

कारभारींनी मान वर केली.

"वाटंतच गेली. उसासा थांबला. वझं एकदम बदललं. जितं लेकरू अंगाला धरून असतं, मेलं की खाली ओढतं. मला कळलं. मी घोंगडी उघडून बघितलं नाय. तशीच चालले."

"कुठं?" त्यांनी विचारलं.

"मला आकडे कुठं येत्यात! कडुलिंब व्हता. बसल्या बैलावानी एक काळा खडक. त्याच्या अलीकडं."

"पाच," कारभारी म्हणाले. "तो पाचाचा दगड." आणि डोळे मिटून घेतले. तीन वेळा त्या कडुलिंबाखाली ते बसले होते.

प्रांजलीचं पेन थांबलं होतं. "पण आजी, मग तू थांबली का नाहीस? कुणाला हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर लोक गोळा झाले असते. म्हणाले असते, आता कशाला नेतीस, हितंच ठेव. रस्त्याकडंला पुरली असती, माय. मेंढरांच्या वाटेवर. येनारं-जानारं तुडवत गेलं असतं." ती थांबली. "मला तिला गावात न्यायची व्हती. रस्त्यात एक गाडीवान म्हणाला, बस, सोडतो. मी नको म्हणाले. बसले असते तर त्यानं तोंड बघितलं असतं तिचं. लेकरू झोपलंय म्हणाले. दवाखान्यात कंपाउंडरनं इचारलं, कवापासून गप हाय? मी म्हणाले, आत्ताच. खोटं बोलले. ते खोटं आजपातूर कुनाला सांगितलं नव्हतं."

तिनं मग ओढ्याच्या काठाची जागा सांगितली, खड्डा कुणी खणला ते सांगितलं, वर काटेरी फांद्या घातल्या ते सांगितलं. भागूबाई दुसऱ्या दिवशी आली आणि तिनं सुनेच्या पायांचे काटे काढले, एक शब्द न बोलता. प्रांजली लिहीत होती. मध्ये तिला दिसेनासं झालं की बाहीनं डोळे पुसून पुन्हा लिहीत होती. कारभारींनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. आयुष्यभर सगळ्यांना गोष्टी सांगितलेला माणूस ऐकत बसला होता.

सांगून झालं तेव्हा उन्हं गॅलरीतून गेली होती. रामेश्वर यायची वेळ झाली होती. प्रांजलीनं विचारलं, "आजी, नाव घालायचं? की नुसतं लेक म्हणू?"

बानाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. ते तिच्यावरच सोडलं होतं त्यांनी.

"घाल," ती म्हणाली. "पर तू नको. त्यांना लिवू दे."

प्रांजलीनं वहीचं कोरं पान त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पेन डाव्या मुठीत दिलं. डाव्या हातानं त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. पहिलं अक्षर व्हायलाच किती वेळ लागला. मोठी, जाड, सुटी सुटी अक्षरं, रंगाऱ्यानं दगडावर काढावीत तशी. बानाबाई चष्मा लावून वाकून बघत होती.

"हे कोनतं?"

"र."

"आन् हे जोडलेलं?"

"त्न." पुढं त्यांनी मा काढलं, ला काढलं. रत्नमाला. मग जरा दम घेऊन त्याखाली एक वाटोळी खूण केली. कडा जुळायला दोनदा फिरवावं लागलं.

"हे काय? हेबी नावातलंच?"

"नाय. ते शून्य."

बानाबाईचं बोट त्या वाटोळ्याच्या कडेवरून फिरलं आणि थांबलं. "शून्य म्हंजे काय उरलं नाय, असंच ना?"

"दगडावर तसं नसतं, बाना," कारभारी म्हणाले. "दगडावर शून्य म्हंजे गाव आलं."